शाळेखाली दोन ओंडके

मला बोलावलं ते सुतार म्हणून,
म्हणजे पोरांच्या उत्साहावर रंधा मारायला.
नोल्फाबाई तसं म्हणाल्या नाहीत,
पण चष्म्यावरून बघितलं, त्यात आलं सगळं.

चिलोएच्या पार कडेचं आमचं बेट.
एक शाळा, एकवीस मुलं,
आणि गळणाऱ्या छताखाली इतक्या बादल्या
की त्यांचीही हजेरी घ्यावी.
राजधानीहून कागद आला होता:
नवी शाळा कशी हवी, ते विद्यार्थ्यांनीच सांगावं.
कागद एरवी विचारतो आणि उत्तरही आपणच देतो.
या वेळी रकाना खरोखर रिकामा होता.

दुधाच्या खोक्यांची शाळा,
छपरावर शिंपल्यांची कौलं,
मधोमध चूल.
मुख्याध्यापकांची खोली कुठाय, मी विचारलं.
"चुलीपाशी," एलियासार म्हणाला,
"शेवटी सगळे तिथेच येऊन बसतात ना."
एक खिडकी माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर,
कारण पहिलीतल्या पोरांना समुद्र नुसता ऐकू येतो.
धक्क्याच्या बाजूला, वळचणीखाली, बाक:
बोटीची वाट बघणाऱ्यांसाठी.
तिथे एर्सिला म्हातारी लोकर कातेल,
आणि कुणी विचारलंच
तर टाक्यांचं गणित शिकवेल.
छपराचं पाणी टाकीत, टाकीचं बटाट्यांना,
बटाट्याची सालं डुकरांना,
सगळं बाणांनी दाखवलेलं,
बाण इतके की शाळाच दिसेना.

मी खोड काढली. सुतारानं आणखी काय काढायचं?
"कुंपण विसरलात."
"कुणासाठी?" त्यांनी विचारलं,
आणि मला खरंच कुणी आठवेना.

मग ती खोक्यांची शाळा उचलून खालून बघितली.
सवय. खुर्चीसुद्धा मी आधी उलटी करतो.
तळाला दोन जाड काटक्या,
टोकं वर वळलेली, होडीच्या नाळेसारखी.
यानिरा पुढे आली. अकरा वर्षांची,
बोलायच्या आधीच कान लाल:
"रोसामेलकाका, समुद्र आत येतोय.
खुराडं दोनदा मागे घेतलं आम्ही.
शाळाही घेऊ."

मी सात वर्षांचा असताना
मावशीचं घर असंच टेकडीवर चढलं होतं.
मिंगा म्हणतो आम्ही त्याला:
बोलावणं जातं, माणसं येतात,
मजुरी नाही, पोटभर जेवण.
घराखाली ओंडके, पुढे वीस बैलजोड्या,
खिडक्यांचे पडदे तसेच,
आणि आत मांजर झोपलेलं, चालत्या घरात.
वाटेत एक रात्र घर चिखलात रुतलं.
मावशी तिथेच झोपली.
शेजार बरा आहे म्हणाली.

हे सगळं घशाशी आलं,
आणि तोंडातून निघालं भलतंच:
"बैल कुठेत? बेटावर चार उरलेत,
त्यातला एक लंगडा."

तिनं नकाशा उलटा केला.
मागे नुसता हिरवा खडू,
इतका दाबून घासलेला की कागद फाटायला आलेला.
"हे शाळेचं कुरण.
यंदा दोन वासरं आणायची.
मग त्यांची वासरं, मग त्यांची..."
बोटं संपली तेव्हा शेजारच्याची घेतली.
"मी तुमच्याएवढी म्हातारी व्हायच्या आत
पुरेसे होतील."

सरकारी कागदावर शेवटचा प्रश्न होता:
इमारतीचं अपेक्षित आयुष्य, वर्षांत.
पोरांनी लिहिलं होतं: गवतावर अवलंबून.
नोल्फाबाईंनी ते खोडलं नव्हतं.

मी कानामागची पेन्सिल काढली.
ओंडके कोइग्वेचे घ्या, म्हटलं, आणि लांब घ्या,
आखूड ओंडका उतारावर मान टाकतो.
चूल विटांची नको, हलताना तडकेल.
एवढं लिहून सही करणार,
तेवढ्यात लक्षात आलं.

"आणि संडास?"

एकवीस चेहरे एकमेकांकडे वळले.
एलियासारनं हळूच खोडरबर उचललं.
बोटीचा भोंगा वाजला, माझ्याच बोटीचा.
मी स्टूल पुढे ओढलं.